माझ्या बोटातली नातीची साखर

आजाऱ्याला बघायला जाणं ही आमच्याकडे एक कला आहे, आणि तरुणपणी मी तिच्यात बरंच नाव कमावलं होतं. कोणी आडवं पडल्याचं कानावर आलं की मी पहिल्या एसटीने निघे. पिशवीत दोन शहाळी, एक बिस्किटाचा पुडा, आणि डोक्यात त्याच आजाराने गेलेल्या एखाद्या माणसाची गोष्ट. शहाळी काय, कोणीही नेतं. गोष्ट न्यायला अभ्यास लागतो.

लग्न होऊन आले त्याच वर्षी नवऱ्याच्या मावसभावाला अपेंडिक्ससाठी दाखल केलं होतं. मी त्याच्या खाटेशी बसले, विचारपूस केली आणि माझ्या मामाची हकिगत सांगितली. मामाही असाच हसत हसत आत गेला होता. मी सगळं नीट सांगितलं, मधलं काही सोडलं नाही. मावसभावाने ऐकून घेतलं, पाणी मागितलं, बायकोला पाणी आणायला पाठवलं आणि मागच्या दाराने निघून गेला. एसटी स्टँडवर त्याला त्याच्या भावाने पकडला. अंगात हॉस्पिटलचा सदरा आणि खाली काही नाही. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, पुढे तो भरपूर जगला, फक्त मी घरी असेन तेव्हा आमच्याकडे आला नाही. मी तेव्हा सासूबाईंना म्हणाले होते, "काय एकेक हळव्या काळजाची माणसा आसतत!"

ही माझी शैक्षणिक पात्रता सांगून ठेवली. आता नातीचं सांगते.

नात बारा वर्षांची झाली आणि तिला साखर निघाली. म्हाताऱ्यांना होते ती नव्हे, पोरांना होते ती. पण हा फरक मला तेव्हा कळत नव्हता. मी अवघी सहासष्ट वर्षांची, वय अल्लड. मुलाचं बाजारात हार्डवेअरचं दुकान, सून पतसंस्थेत, त्यामुळे दिवसभर घरात मी आणि शाळेतून आली की नात. हॉस्पिटलातून तिला घरी आणलं तेव्हा बरोबर इन्सुलिनची पेनं होती, बोट टोचून साखर बघायचं मशीन होतं, आणि एक शिकवलेली नात होती. जेवणाच्या आधी एकेक इंजेक्शन, रात्री एक लांब पल्ल्याचं, सगळं ती स्वतः घेई. फ्रीजच्या दारात सोलकढीच्या बाटलीशेजारी तिची पेनं उभी राहिली. मी सगळ्यांना कौतुकाने सांगे, "आमच्या चेडवाक डॉक्टराची गरजच नाय."

मग माणसं बघायला येऊ लागली.

मिठागराकडून, बाजारातून, नदीपलीकडून. रिवाज चुकवून कोण चालेल! जत्रेतला गोड खाजा आणत आणि पुडा नातीच्या हातात देता देता परत घेऊन म्हणत, "हिका नको हां, तुमी खावा." मी खाई. नात ओटीच्या कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसलेली असे. कानात ते इअरफोनचं बोंडूक. पोर गाणी ऐकते आहे, असं आमचं सगळ्यांचं मत होतं. त्या बोंडकातून काही वाजतंय की नाही, हे बघायची कोणाला गरज वाटली नाही.

सगळ्यात जास्त फेऱ्या पलीकडच्या घरातल्या शेजारणीच्या. ती माझ्याच बरोबरीची आणि या कलेत माझ्याहून अंमळ सरस. तिच्याकडे स्वतःचा भाऊ होता.

"माझ्या भावाक साखर होती मां," ती पान लावता लावता सांगायची. "गोळ्यार होतो तवसर कसो फिरा होतो! आणि मगे इंजेक्शनार इलो. इंजेक्शनार इलो म्हणजे झाला गो. आधी बोट गेला, मगे पाय गेलो, मगे तोच गेलो."

"व्हय गो, इंजेक्शन म्हणजे शेवटचाच," मी म्हणायची. पाहुण्याच्या होला हो म्हणणं ही आपली रीत.

मग आणखी कोणाची दृष्टी जाई, कोणाची किडनी. दुपार बरी जायची.

एके दिवशी नात माझ्यासमोर मशीन घेऊन बसली. "आजये, बोट दी."

"माका कित्याक?"

"तुझी पण बघूया. तुका कंटाळो येता मां?"

तर येतच होता. मी बोट दिलं. तिने टोचलं, थेंब पट्टीला लावला, मशीनने आकडा दाखवला. "आजये, झकास!" मला शाळेत असताना कोणी झकास म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग तो आमचा खेळच झाला. जेवायच्या आधी मी आपण होऊन बोट पुढे करी. ती आकडा बघून मान डोलवी, मी देवळात जाऊन सांगे, माझी साखर कशी तरुण पोरीसारखी आहे. दोन-तीन बायकांनी तोंडं वाकडी केली, त्यावरून मला आणखीच खात्री पटली.

संध्याकाळी मुलगा दुकानातून आला की मशीन हातात घेऊन आकडे बघे. सून आली की ती बघे. दोघांचे चेहरे उजळत. "बघ, किती कंट्रोल केलान पोरीन!" मुलगा म्हणायचा. ती पोर मान खाली घालून भात कालवत असे. मी मनात म्हणे, काय विनयशील आहे!

तिचे गाल बसत चालले होते. आम्ही म्हटलं, उंची काढते आहे. रात्री पाण्याला उठायची. आम्ही म्हटलं, उकाडा. एवढं सगळं आमचं चालू होतं आणि मशीन सांगत होतं, झकास.

एका सकाळी तिला उलट्या सुरू झाल्या. मी ओवा-हिंग केलं, दृष्ट काढली, आणि या दोन्ही उपायांनी काही होत नाही म्हटल्यावर तिसरा म्हणून मुलाला फोन केला. तो आला तोवर ती जोरजोरात, खोल श्वास घेत होती आणि तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येत होता. रिक्षात ती माझ्या मांडीवर होती. तिचा हात हातात घेऊन मी तिला धीर देत होते, पण काय बोलले ते मला अजिबात आठवत नाही. गोष्ट सांगितली नाही, एवढं खात्रीने आठवतं. एकही गोष्ट सुचली नाही.

ती वाचली. हे आधीच सांगते, कारण गोष्ट ताणून धरायची माझी सवय गेली आहे.

ती शुद्धीवर येऊन उठून बसायला लागल्यावर डॉक्टरीणबाई मशीन हातात घेऊन आमच्याशी बोलायला आल्या. नात खाटेवर, मुलगा उशाशी, सून पायथ्याशी, मी स्टुलावर.

"मला एक समजत नाही," त्या म्हणाल्या. "मशीनमधले आकडे इतके छान आहेत की मी हे इतर पालकांना दाखवेन. आणि आम्ही रक्ताची तपासणी केली, ती मागच्या तीन महिन्यांची सरासरी सांगते. ती अतिशय वाईट आहे. दोन्ही खरं असू शकत नाही."

"मशीन बिघडलं असेल," मुलगा म्हणाला. हॉस्पिटलात तो शुद्ध बोलतो.

डॉक्टरीणबाईंनी नातीचे हात उलटे करून बोटांची टोकं बघितली. स्वच्छ. मग त्यांची नजर फिरत फिरत माझ्या मांडीवरच्या हातांवर आली. त्यांनी माझी बोटं वळवून बघितली. माझ्या बोटांची चाळण झाली होती.

"आजी, तुम्हालाही शुगर आहे?"

"छे ओ, माझी अगदी झकास."

"कोणी सांगितलं?"

"आम्ही रोज बघतो ना. जेवणाच्या आधी." मी अभिमानानेच सांगितलं. मग मुलाकडे बघितलं. तो माझ्याकडे बघत होता. सून नातीकडे बघत होती. नात भिंतीकडे बघत होती. खोलीत कळायला सगळ्यात जास्त वेळ मला लागला, आणि रक्त माझंच होतं.

पुढे कळलं, इन्सुलिनही ती रात्रीचं तेवढं आईसमोर घेत होती. दिवसाची पेनं बरोब्बर आकड्यावर फिरवून न्हाणीत पिचकारी मारून रिकामी करत होती.

मुलाचा आवाज चढला. "कित्याक केलंस असा? मरूचा आसा तुका?" हॉस्पिटलात असून तो मालवणीवर उतरला, यावरून त्याचं काय झालं असेल ते समजा. नात एक शब्द बोलली नाही. त्यानंतरही नाही. नर्सला, आईला, मला, कोणालाच नाही. जेवण आलं तर दोन घास, इंजेक्शन आलं तर दंड पुढे, नजर भिंतीवर. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाहेर नेऊन स्पष्टच सांगितलं, "इथे आम्ही टोचू. घरी गेल्यावर दिवसातून चार वेळा, रोज, आयुष्यभर, तिच्या मनाविरुद्ध कोण टोचणार? तिने का सोडलं ते कळल्याशिवाय मी तिला घरी पाठवणार नाही. पुढच्या वेळी ती वेळेत पोचेलच असं नाही."

आणि म्हणून त्यांनी समुपदेशक मुलीला बोलावलं.

"माझा चेडू वेडा नाय," मुलगा व्हरांड्यात मला म्हणाला.

"नाय रे. वेडी आसती तर इतक्या बेमालूम केला नसता," मी म्हटलं.

समुपदेशक मुलगी अगदी कोवळी होती. खांद्याला झोळी, पायात साध्या चपला. तिने आधी मुलाला आणि सुनेला बसवून सांगितलं, की जी पोर खोटे आकडे तयार करायला एवढी मेहनत घेते ती आळशी नसते आणि उर्मटही नसते, ती घाबरलेली असते, तेव्हा रागवायचं असेल तर जिन्याखाली जाऊन रागवा. मग नातीजवळ बसली. मला म्हणाली, "आजी, तिला चालत असेल तर तुम्ही बसा. फक्त बोलायचं नाही."

असली अट मला आजवर कोणी घातली नव्हती.

तिने नातीला, का केलंस, हे विचारलंच नाही. म्हणाली, "तू आजारी पडल्यावर घरी बघायला खूप लोक आले असतील, नाही?"

नातीने मान हलवली.

"काय काय म्हणाले? मला गंमत म्हणून सांग. ज्याने जसं सांगितलं तसंच, त्याच्या आवाजात."

आता, नक्कल ही आमच्या घरात माझ्याकडून आलेली वस्तू आहे. नातीने अदृश्य पान हातात घेतलं, त्याला अदृश्य चुना लावला, आणि शेजारीण त्या खाटेवर येऊन बसली. "इंजेक्शनार इलो म्हणजे झाला गो! आधी बोट गेला, मगे पाय गेलो, मगे तोच गेलो." कितीतरी वेळाने तिच्या तोंडून निघालेले हे पहिले शब्द. मला हसू आवरेना. मग तिने दृष्टी गेलेल्याची गोष्ट सांगणारी बाई आणली, मग खाज्याचा पुडा देऊन परत घेणारी बाई आणली. मी पदर तोंडात कोंबून हसत होते. समुपदेशक मुलगीही हसली. मग नातीने आणखी एक बाई आणली. मान एका बाजूला, डोळे अर्धे मिटलेले, आवाजात देवळातल्यासारखा ओलावा. "व्हय गो, इंजेक्शन म्हणजे शेवटचाच!"

ही कोण ते मला ओळखू येईना. फार कंटाळवाणी बाई वाटली. समुपदेशक मुलीने माझ्याकडे बघितलं तेव्हा ओळखलं.

"मग तुला काय वाटलं?" तिने नातीला विचारलं.

नात नक्कल सोडून स्वतःच्या आवाजात बोलायला लागली, तो आवाज एवढासा होता. "माझ्या आधीच्या गोळ्यो झाल्योच नाय. माका सरळ इंजेक्शनच. म्हणजे मी शेवटाकच इलंय. मगे मी म्हटलंय, अंगात जितकी कमी इंजेक्शना गेली तितकी माझ्या वाट्याची मागे उरतली. वाचवून वाचवून वापरूया. आई-बाबांका सांगला असता तर ते रडले असते. आजयेक तर सगळा आधीच म्हायती होता."

न बोलायची ती अट अजून चालूच होती. अट नसती तरी मी काय बोलले असते कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या आणि त्यांनी तिला सगळं उलगडून सांगितलं. म्हाताऱ्यांच्या साखरेत शरीर थोडंफार इन्सुलिन बनवत असतं, म्हणून तिथे गोळ्यांनी भागतं आणि इंजेक्शन उशिरा येतं. पोरांच्या साखरेत शरीर ते बनवायचंच थांबतं, म्हणून इंजेक्शन पहिल्या दिवशी येतं. शेवट-बिवट काही नाही. दोन वेगळे आजार, नाव एकच पडलंय.

"मग नाव तरी बदला," नात म्हणाली.

"खरं आहे तुझं."

"आणि तुम्ही डॉक्टर. तुम्ही असंच सांगणार."

समुपदेशक मुलीने सुचवलं की अशाच मुलांचा एक गट महिन्यातून एकदा हॉस्पिटलात जमतो, तिथे ये, ओळखी होतील. नात म्हणाली, नको. आजारी पोरांत बसायचं नाही तिला. ठीक आहे, म्हणाली मुलगी, बोलावणं उघडं आहे. आणि आम्हाला घरी सोडताना तिने बजावलं, "इंजेक्शनच्या वेळी कोणीतरी जवळ बसा, पण पोलिसासारखं नको. आणि ती शाळेतून आली की आधी आकडा विचारू नका. आधी तिला विचारा."

हे मी लगेच अमलात आणलं. पहिल्याच दिवशी ती दप्तर टाकते न टाकते तोच म्हटलं, "आज शाळेत काय झाला गो?"

तिने मला आपादमस्तक बघितलं. "तुका काय व्हया?"

घरात इंजेक्शनं चालू झाली. आम्ही जवळ बसत होतो, ती घेत होती. पण भिंतीकडे बघूनच. तिचा विश्वास बसला नव्हता, हे मला दिसत होतं. आम्ही जवळ बसायचं कधी ना कधी थांबवणार, आणि त्यानंतर पेनातलं औषध पोटात जाणार की न्हाणीत, हे तिच्यावर होतं. मला त्या काळात जेवण जात नव्हतं. माझी बोटं आता सुरक्षित होती, त्याचाही काही आनंद नव्हता.

आणि पुन्हा माणसं बघायला येऊ लागली. आता तर येणारच. दोनदा हॉस्पिटलात जाऊन आलेली पोर!

मी खळ्याच्या, म्हणजे आमच्या अंगणाच्या, तोंडाशी खुर्ची टाकून बसले. शेजारीण पहिली आली.

"मेलेल्याची गजाल आसा तर हयसूनच परत," मी म्हटलं. गजाल म्हणजे गोष्ट, तीच ती, शहाळ्याबरोबर न्यायची.

"म्हणजे?"

"म्हणजे तुझो भाव घरी ठेवन ये. हिच्यासारखी साखर आसलेलो, इंजेक्शन घेणारो, जितो माणूस आसलो तर घेवन ये. चाय देतंय."

शेजारणीने पानाचा डबा मिटला. एवढ्या वर्षांत तिचा भाऊ कोणी परत पाठवला नव्हता. "जितो?" ती म्हणाली. "जितो खंय गावतलो?"

वाडीत ही खबर पसरली. म्हातारीचं डोकं फिरलं, असंही पसरलं. पण चहाचा मोह कोणाला सुटतो! दोन दिवसांनी शेजारीणच आपल्या दिराला रिक्षात घालून घेऊन आली. दीर धडधाकट, दोन्ही पाय जाग्यावर. मी नातीला बाहेर बोलावलं. दिराने चहात दोन चमचे साखर मागितली आणि नातीला म्हणाला, "भियाचा नाय हां बाय. माका पंधरा वर्सा साखर आसा, काय झाला नाय."

"इंजेक्शन घेतात काय?" नातीने विचारलं.

"छ्या! मी गोळ्यार. इंजेक्शन घेणंय नाय मी. त्याचीच भीती वाटता."

नात आत गेली. मी दिराकडून कप काढून घेतला.

त्यानंतर बरेच जिते आले. सगळे म्हातारे, सगळे गोळ्यांवरचे, आणि चहा पिऊन झाल्यावर प्रत्येकाला एखादा मेलेला आठवेच. एवढी मोठी वाडी, एवढा मोठा गाव, शिवाय मेलेल्यांची आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांची माहिती. पण पोरवयापासून इंजेक्शन घेऊन धडपणे जगणारा एक माणूस कोणाला ठाऊक नव्हता. मला आता वाटू लागलं, की शेजारणीचंच खरं असेल. असा माणूस नसतोच. खुर्ची मी अजून टाकत होते, पण उगीच.

एक दिवस दुपारी, वाडी जेवून झोपलेली असते तेव्हा, मागच्या दाराची कडी वाजली. शेजारणीची सून. माहेर रेडीचं, घरातच पुढच्या खोलीत पार्लर चालवते, वाडीतल्या सगळ्या लग्नांतल्या नवऱ्या तीच तयार करते. मला वाटलं, कढीपत्ता हवा असेल.

"सासू झोपली आसा," ती म्हणाली. "तुमी सांगलास मां, जितो माणूस घेवन येवा म्हणान."

"मगे? कोण गावलो काय?"

"मी इलंय."

मला कळायला पुन्हा वेळ लागला. हा माझा वेळ लागण्याचाच हंगाम होता.

नात माझ्या मागे येऊन उभी राहिली होती. तिने सुनेला वरपासून खालपर्यंत बघितलं. आम्ही तिघी स्वयंपाकघरात बसलो.

"तुका साखर आसा?" नात.

"आसा."

"म्हाताऱ्यांची काय माझी?"

"तुझीच. सातवीत होतंय तेव्हापासून."

"गोळ्यो?"

"एक पण नाय. पयल्या दिसापासून इंजेक्शन."

नातीने खाली बघितलं. मग म्हणाली, "पाय दाखय."

"गो!" मी म्हटलं.

"आसू दे," सून म्हणाली. तिने दोन्ही पाय पाटावर ठेवले. नखांना डाळिंबी रंग. नात खाली बसली, एकेक बोट धरून मोजलं, तळवे उलटे करून बघितले, टाच दाबून बघितली. गुरं विकत घेताना बघतात तसं.

"सगळी आसत," ती मला म्हणाली.

"डोळे पण बघ," सून म्हणाली. "काल नवरीचा काजळ घातलंय, रेघ कशी इली ती बघ. फोटो आसा."

नातीने फोटो बघितला. मग आणखी प्रश्न विचारले, त्यातले बरेचसे मला ऐकू येऊ नयेत म्हणून हळू विचारले. सुनेने सगळ्यांची उत्तरं दिली आणि काही गोड करून सांगितलं नाही. कॉलेजात असताना तिनेही वाऱ्यावर सोडलं होतं आणि तीही अशीच दाखल झाली होती. अजूनही एखाद्या दिवशी आकडा चढतो, एखाद्या दिवशी उतरून हातपाय थरथरतात, म्हणून पार्लरच्या खणात साखरेची पुडी असते. लग्नाआधी नवऱ्याला सांगितलं होतं. सासूला सांगायचं धाडस दोघांनाही झालं नाही. इन्सुलिन पार्लरच्या लहान फ्रीजात, फेशियलच्या डब्यांच्या मागे.

"घरात रोज सासूच्या भावाची गजाल," ती म्हणाली. "इंजेक्शनार इलो म्हणजे झाला. मी भाकऱ्यो थापता थापता ऐकतंय आणि आत जावन इंजेक्शन घेतंय."

तेव्हा मला समजलं, की मेलेले सगळ्यांना का ठाऊक आणि जिते कोणाला का ठाऊक नाहीत. जिते आमचंच बोलणं ऐकून लपले होते.

जायच्या आधी ती म्हणाली, "माझी जेवची वेळ झाली. हयसरच घेतंय." कमरेच्या पिशवीतून पेन काढलं, आकडा फिरवला. नात डोळे बारीक करून बघत होती.

"सुई बदलूक नाय तू," ती एकदम म्हणाली.

"कालचीच आसा. चलता."

"चलणा नाय! दर वेळी नवी व्हयी. दुखता, गाठी येतत. तुका कोणी सांगूक नाय?" नात तरातरा फ्रीजकडे गेली, आपल्या डब्यातली नवी सुई आणून तिच्यापुढे धरली. "बदल."

सुनेने निमूट बदलली. पोरीचा हा आवाज घरात किती दिवसांनी ऐकला म्हणून मी मुद्दाम काही बोलले नाही. तसं मला आता जमायला लागलं होतं.

ती मात्र जाताना माझ्याकडून शब्द घेऊन गेली, सासूला कळता कामा नये. त्यानंतरचे महिने माझ्या आयुष्यातले सगळ्यात खडतर. शेजारीण रोज खळ्यात येऊन बसे, तिच्या भावाचा पाय जात असे, आणि तिच्याच घरातली एवढी मोठी बातमी मी जिभेखाली धरून बसलेली असे. दोनदा माझा रक्तदाब वाढला. पुढे तिच्या सुनेने आपण होऊनच सांगितलं, म्हणून मी आज लिहू शकते. शेजारणीने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "म्हणान तू जेवच्या आधी न्हाणयेत जातंस! मी समजलंय, माहेरी फोन लावतंस, माझी चुगली करतंस." तेव्हापासून भाऊ तिच्या गोष्टीत पायासकट असतो. पूर्ण बंद करणं तिला जमलेलं नाही.

नात आता शेजारणीच्या सुनेबरोबर हॉस्पिटलातल्या त्या गटात जाते. आजारी पोरांत बसायला नव्हे, सुया तपासायला, असं तिचं म्हणणं. समुपदेशक मुलीकडेही जाते. आत काय बोलतात ते मी विचारत नाही. बाहेर बसून मला ऐकू येत नाही, हे कारण आहे.

आम्ही जवळ बसायचं हळूहळू सोडलं. मुलाला ते फार जड गेलं. तो दुकानातून मध्येच काहीतरी विसरल्यासारखं करून घरी येई आणि स्क्रूच्या पुड्या शोधत फ्रीजपर्यंत जाई.

मागच्या रविवारी मी मागल्या पडवीत बांगडे साफ करत होते. मुलगा आणि माझी सून पुढल्या खळ्यात कोकमाची सोलं वाळत घालत होते. नात येऊन माझ्या पाठीमागे उभी राहिली.

"आजये."

"काय गो?"

"मी दुपारचा घेवक नाय."

माझा हात बांगड्याच्या पोटात तसाच राहिला. "न्हाणयेत टाकलंस?"

"नाय. घेवकच नाय. पेन फ्रीजात आसा."

"कित्याक? भीती वाटली?"

"नाय गो. कंटाळो इलो. रोज रोज काय तां!"

मी तिच्याकडे बघितलं. तोंड वाकडं, एक हात कमरेवर. दात घासायचा कंटाळा येतो, वेणी घालायचा कंटाळा येतो, त्यातलाच हा एक. माझ्या तोंडापर्यंत पुष्कळ काही आलं होतं. शहाळ्याबरोबर न्यायच्या योग्यतेचं. ते मी गिळलं आणि म्हटलं, "कंटाळो तर येतलोच. मगे आता?"

"आता बघूक व्हया किती झाली ती."

ती आतून मशीन घेऊन आली. माझे हात मासळीने भरलेले होते. तिने त्यांच्याकडे बघितलंही नाही. पायरीवर बसून तिने आपलं बोट टोचलं, थेंब पट्टीला लावला. आकडा आला. तिने तो बघून एक शिवी दिली. ती कुठून शिकली ते मला माहीत आहे. मग डॉक्टरीणबाईंनी अशा वेळी किती घ्यायचं म्हणून सांगितलंय ते मनातल्या मनात जुळवलं, पेन आणलं, सुई बदलली आणि घेतलं.

आकडा वाईट होता. पण तिचा होता. तो तिने पुढल्या खळ्यात आईला ओरडून सांगितला, असा की पलीकडच्या घरात शेजारणीलाही ऐकू गेला असणार. गेला तर गेला.